गुळव्या, जॉबर आणि चाळीस टेबलं

पहाटे पावणेसहा

शिवाजी विद्यापीठाच्या आवारात या वेळी कोल्हापुरातली फिरायला येणारी मंडळी असतात, झाडीतून मोरांचे आवाज येतात आणि आमच्या अधिविभागाच्या दाराशी वायरमन मामा टेस्टर खिशाला लावून उभे असतात. आज २८ फेब्रुवारी. १९२८ साली याच तारखेला कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाच्या विकिरणातला 'रामन परिणाम' सापडला आणि १९८७ पासून हा दिवस देशभर राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. आमच्याकडे या दिवशी विद्यार्थी स्वतः बनवलेली उपकरणं लोकांसमोर चालवून दाखवतात. चाळीस टेबलं, शंभरावर मुलंमुली आणि दिवसभर येणारे-जाणारे लोक. समन्वयक म्हणून मला दोन गोष्टी बघायच्या असतात. प्रत्येक टेबलावरची वस्तू चालू राहिली पाहिजे आणि त्या टेबलासमोर त्या वस्तूची खरी गरज असलेलं माणूस येऊन उभं राहिलं पाहिजे. पहिलीसाठी मामा लागतात. दुसरीसाठी महिनाभर आधीपासून आमंत्रणं करत फिरावं लागतं.

सुरुवात विजेपासून. हॉलमधल्या प्रत्येक लाइनवर १६ अँपिअरचा एमसीबी आहे, म्हणजे २३० व्होल्टला साधारण ३,६८० वॉट. एक लॅपटॉप ६५ वॉट घेतो. अशी बारा टेबलं एका लाइनवर बसवली तरी ८०० वॉटच्या आतच राहतात. पण त्यातल्या दोघांनी १,५०० वॉटच्या शेगड्या लावल्या आणि तिसऱ्यानं थ्री-डी प्रिंटर सुरू केला, की एमसीबी पडू शकतो आणि काही संबंध नसलेली नऊ टेबलंही बंद होतात. म्हणून कुणाला किती वॉट लागणार हे आम्ही आठ दिवस आधी लेखी मागवतो आणि मामा त्यावरून हॉलचा नकाशा काढतात. गुळाच्या प्रकल्पाला शेगडी लागते. तिला स्वतंत्र लाइन. मेन सप्लाय गेल्यापासून जनरेटर सुरू होईपर्यंत काही सेकंद जातात आणि तेवढ्यात संगणक बंद पडतात, म्हणून ज्यांचं प्रात्यक्षिक संगणकावर आहे त्यांना यूपीएस. मामा प्रत्येक सॉकेटमध्ये टेस्ट लॅम्प घालून बघतात. अर्थिंग नसलेला एकही बोर्ड ते टेबलावर चढू देत नाहीत. या कामात त्यांचा शब्द शेवटचा असतो, माझा नाही, आणि ते तसंच असायला हवं.

सकाळी सात

आता टेबलं लावायची. यात जेवढा विचार करावा तेवढा थोडा. जमिनीवरच्या काळ्या पट्टीच्या मागे जाणारा रोबो पूर्वेच्या खिडकीजवळ ठेवला तर तो भरकटतो, कारण त्याचे डोळे अवरक्त प्रकाशावर चालतात आणि उन्हात तो भरपूर असतो. पुराच्या पाण्याची पातळी मोजणारं उपकरण आणि गाड्यांच्या पार्किंगचं उपकरण शेजारी नकोत. दोघांचे ध्वनिसंवेदक ४० किलोहर्ट्झवरच काम करतात. एकाचा प्रतिध्वनी दुसऱ्याला ऐकू जातो आणि रिकाम्या जागेत गाडी उभी असल्याचं दिसायला लागतं. आवाज करणारी यंत्रं दाराकडे, आवाज ओळखणारी आतल्या कोपऱ्यात.

वाय-फायचं आम्ही मुलांना आधीच सांगून ठेवतो: त्याच्यावर विसंबू नका. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच असतात, १, ६ आणि ११. चाळीस टेबलांवरची उपकरणं आणि पाहुण्यांच्या खिशातले शेकडो फोन त्याच तीन वाहिन्यांवर गर्दी करतात. घरी झटक्यात जोडलं जाणारं उपकरण इथं दुपारी बारा वाजता हाक मारूनही ओ देत नाही. ज्याचं काम इंटरनेटवाचून अजिबातच होत नाही त्याला वायरनं जोडणी देतो. बाकीच्यांनी सगळं स्वतःच्या लॅपटॉपवर आणायचं.

लिथियमच्या बॅटऱ्या हॉलमध्ये चार्ज करायच्या नाहीत. त्यासाठी व्हरांड्यात वेगळी जागा, वाळूच्या बादल्या आणि तिथून न हलणारा एक माणूस. ड्रोन फक्त जाळीच्या आत, आणि तेही छोटे. उजळाईवाडीचा विमानतळ इथून लांब नाही. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे विमानतळाच्या आसपासच्या पट्ट्यात परवानगीशिवाय मोकळ्या आकाशात उड्डाण करता येत नाही. मुलांना हा नियम पाठ असतो याचं मला बरं वाटतं.

सकाळी नऊ

मुलं येतात. कुणी गडहिंग्लजहून पहिल्या एसटीनं, कुणी वडिलांच्या मोटारसायकलवर मागं पोतं धरून, कुणी वसतिगृहातून रात्रभर न झोपता. पोत्यातून, खोक्यातून, आईच्या जुन्या साडीत गुंडाळून यंत्रं बाहेर येतात. आणि पंधरा मिनिटांत पहिलं वाक्य कानावर येतं: "मॅडम, काल रात्री चालत होतं."

चालत असणारच. एसटीच्या धक्क्यांनी ब्रेडबोर्डवरची एखादी वायर अर्धा मिलिमीटर वर आली की पुरतं. म्हणून हॉलच्या मधोमध दुरुस्तीचं टेबल असतं. सोल्डर गन, मल्टिमीटर, जंपर वायरी, पाच व्होल्टचे अडॅप्टर, यूएसबी केबली, दोन-तीन जास्तीचे मायक्रोकंट्रोलर बोर्ड, चिकटपट्टी, रबरबँड. तिथं गेल्या वर्षीचे विद्यार्थी बसतात. एक वर्षापूर्वी ते स्वतः याच घाबरलेल्या चेहऱ्यानं या टेबलाशी उभे होते, त्यामुळे त्यांना ओरडावं लागत नाही आणि समजूतही घालावी लागत नाही. मल्टिमीटर लावतात, तार शोधतात, जोडून देतात.

संगणकाच्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं प्रात्यक्षिक डग्लस एंगलबार्ट यांचं, ९ डिसेंबर १९६८, सॅन फ्रान्सिस्को. नव्वद मिनिटांत त्यांनी माउस, दुव्यांनी जोडलेला मजकूर आणि दूरच्या माणसाशी पडद्यावरून एकत्र काम, हे सगळं हजारभर लोकांपुढे करून दाखवलं. संगणक मात्र सभागृहात नव्हता. तो मेन्लो पार्कला, जवळजवळ पन्नास किलोमीटर लांब होता आणि मधला दुवा मायक्रोवेव्हचा होता. ती सगळी जुळणी बिल इंग्लिश यांनी केली. पहिला माउस प्रत्यक्ष घडवला तोही त्यांनीच. मी दरवर्षी मुलांना एंगलबार्ट यांच्याबरोबर इंग्लिश यांचंही नाव सांगते. दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्या पोरांना ते नाव माहीत असायला हवं.

साडेनऊला तृतीय वर्षाची एक मुलगी हळूच येऊन विचारते, "मॅडम, आतलं सर्किट दाखवू का लोकांना?" तिच्या गटानं फौंड्रीतल्या साच्याच्या वाळूचा ओलावा मोजणारं यंत्र केलंय. प्रश्न अगदी योग्य आहे. सार्वजनिक ठिकाणी उघड केलेली पद्धत पेटंटच्या दृष्टीनं नवी उरत नाही. आधी तात्पुरता अर्ज केला असेल तर त्या तारखेचं संरक्षण मिळतं आणि पूर्ण अर्ज करायला बारा महिने मिळतात. व्यक्तीनं ऑनलाइन केलेल्या अशा अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. दोन गटांनी अर्ज आधीच केलेत. या गटाचा कागद अजून तयार व्हायचाय. मी तिला सांगते, यंत्र काय करतं ते सगळ्यांना दाखव, डबा उघडू नकोस, आणि सोमवारी माझ्याकडे ये. प्रात्यक्षिक भरवणाऱ्या प्रत्येक संस्थेनं ही गोष्ट मुलांना महिनाभर आधी सांगितली पाहिजे. मुलांना ती ठाऊक नसते आणि एकदा वेळ गेली की काही करता येत नाही.

सकाळी साडेदहा

उद्घाटन. पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. व्यासपीठ नाही, शाल-श्रीफळ नाही. पाहुण्या म्हणून शाळेतल्या विज्ञानाच्या एक निवृत्त शिक्षिका आल्यात. त्या पहिल्या टेबलावरचा स्विच दाबतात आणि लगेच दुसऱ्या टेबलाकडे वळतात. तासभर भाषणं ऐकत उभं राहिलेलं पोरगं नंतर आपल्या यंत्राबद्दल नीट बोलू शकत नाही, त्याचा आवाज बसलेला असतो आणि उत्साहही. हे मी विद्यापीठाच्या बैठकीत आग्रहानं मांडलं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं.

अकरा ते दीड

दिवसाचं खरं काम आता. हॉलमध्ये शिवाजी उद्यमनगरातले टर्नर-फिटर आलेत, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतले दोन मोल्डर, इचलकरंजीहून यंत्रमागांची देखभाल-दुरुस्ती करणारे जॉबर, पन्हाळ्याच्या बाजूचे गुऱ्हाळवाले, नदीकाठच्या गावांतले लोक. यातलं कुणीही आपण होऊन आलेलं नाही. विद्यापीठाच्या कमानीतून आत यायचं म्हणजे आपलं तिथं काय काम, असं त्यांना वाटतं. म्हणून महिनाभर आधी विद्यार्थ्यांनाच पाठवतो, पत्र हातात घेऊन, त्यांच्या कामाच्या जागी. ज्या मुलानं गुऱ्हाळावर दोन तास काढलेत त्याच्या आमंत्रणाला गुऱ्हाळवाला नाही म्हणत नाही.

हा भूभागच असा आहे की यंत्र आणि माणूस यांची गाठ इथं फार जुनी. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडानं जमिनीत विष भिनतं या समजुतीनं शेतकरी तो घेईनात. पुढे तोच नांगर घरोघरी गेला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती आमच्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या सांगली जिल्ह्यात. नांगर चांगला होता, तरी त्याला शेतकऱ्याच्या शंकेतून जावंच लागलं. आमच्या मुलांच्या यंत्रांनाही त्याच वाटेनं जायचंय, आणि ती वाट पदवी मिळाल्यावर सुरू होण्याऐवजी आज, या हॉलमध्ये सुरू व्हावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

टेबल सातवर कापडातला दोष ओळखणारा कॅमेरा आहे. साध्या यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग थांबतो, पण ताण्यातला एखादा उभा धागा तुटला तर माग चालूच राहतो आणि कापडात उभी रेघ पडत जाते. एक कामगार एकाच वेळी अनेक माग सांभाळतो, त्याचं लक्ष जाईपर्यंत मीटरभर कापड वाया गेलेलं असतं. मुलींनी वर कॅमेरा लावलाय. रेघ दिसली की दिवा लागतो. दोष असलेल्या कापडाचे तुकडे त्या एकामागून एक सरकवतात आणि दिवा प्रत्येक वेळी बरोबर लागतो.

इचलकरंजीचे जॉबर, पन्नाशीचे, हात मागं बांधून सगळं बघतात. मग म्हणतात, "बाळ, काम झ्याक केलंय. पण शेडात कापसाची पिंज उडती. ह्या काचंवर तासात थर बसंल. आन् माग हालतो. मिनटाला शंभरावर वेळा धोटा हिकडं-तिकडं जातोय, तुझा कॅमेरा थरथरणार. कापडबी एका जागी राहत नाही."

मुलीनं कॅमेरा वसतिगृहाच्या खोलीत, स्वच्छ टेबलावर तपासला होता. ती क्षणभर गप्प होते आणि मग वही पुढे ओढते. "मामा, पिंज कुठून जास्त येते? वरून की बाजूनं?" पुढची वीस मिनिटं दोघं मागाचं चित्र काढत बसतात. कॅमेरा वर न लावता खालून लावता येईल का, छोट्या पंख्यानं काचेवर हवा मारता येईल का, मागाच्या सांगाड्याला न जोडता भिंतीला जोडला तर. जॉबर तिला शेडचा पत्ता देतात आणि दुपारची पाळी सुरू व्हायच्या आधी ये म्हणतात, तेव्हा माग थांबलेले असतात. हे घडलं की त्या टेबलापुरतं माझं काम झालेलं असतं.

टेबल अकरावर गूळ. छोट्या कढईत रस उकळतोय आणि आत बुडवलेला के-टाइप थर्मोकपल तापमान सांगतोय. गुऱ्हाळातलं सगळं गणित काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, कधी उतरवायची यावर असतं. साधारण ११८ अंशांच्या आसपास पाक तयार होतो. जरा आधी उतरवला तर गूळ नरम राहतो आणि पाणी धरतो, उशीर झाला तर करपून काळा पडतो. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, हे थर्मामीटरशिवाय ठरवतो. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकायचा, बोटांत गोळी वळायची, ती कशी वाजते ते ऐकायचं. मुलांचं म्हणणं, ११८ अंशांना भोंगा वाजवला की झालं.

साठीचे एक गुळव्या भोंगा वाजेपर्यंत उभे राहतात आणि मान हलवतात. रस कुठल्या उसाचा? ८६०३२ चा की ९२००५ चा? ऊस किती महिन्यांचा? जमीन खारवट की काळी? भेंडी किती घातली, मळी किती निघाली? खारवट जमिनीतल्या उसाचा पाक वेगळ्या वेळी येतो, असं त्यांचं म्हणणं. "एकच आकडा धरून बसलात तर निम्मी आधणं वाया जातील, पोरांनो."

यातून मार्ग काढतो तो त्या गटातला सगळ्यात गप्प मुलगा. तो म्हणतो, "आबा, आपण असं करू. भोंगा काढून टाकू. तुम्ही पाक आला म्हणाल तेव्हा हे बटण दाबायचं. यंत्र फक्त तेव्हाचं तापमान आणि उसाची जात लिहून ठेवेल. एक हंगामभर." आबांना ते पटतं. त्यांच्या मुलाला हे काम शिकायचं नाही, असं ते बोलता बोलता सांगतात, आणि मग बराच वेळ त्या बटणाकडे बघत राहतात.

खिडकीजवळच्या टेबलावर पंचगंगेच्या पुराचं उपकरण आहे. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट; कोल्हापुरात हे आकडे लहान मुलंही सांगतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. हे उपकरण करणाऱ्या मुलाचं घर त्या पुरात होतं. त्यानं प्लॅस्टिकच्या टाकीवर ध्वनिसंवेदक टांगलाय आणि पाणी चढलं की फोनवर संदेश जातो. आंबेवाडीकडून आलेले एक शेतकरी दोनच गोष्टी विचारतात. पुरात पहिल्यांदा लाइट जाते आणि मग टॉवर बंद पडतो, तेव्हा हा संदेश कसा जाणार? आणि नदी काय टाकीएवढी आहे का?

मुलाला दोन्हींची उत्तरं देता येतात आणि ती तो आडपडदा न ठेवता देतो. हा संवेदक जेमतेम चार मीटरपर्यंतच बघतो, पुलावरून नदी मोजायला रडारचा लागेल, तो महाग आहे. शिवाय आवाजाचा वेग तापमानावर ठरतो: २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, आणि दर अंशाला ०.६ मीटरनं बदलतो. लांब पल्ल्याचा ध्वनिसंवेदक मिळवला तरी दहा मीटर अंतरावर पंधरा अंशांचा फरक पाव मीटरची चूक करतो, आणि पुरात पाव मीटरवर जनावरं सोडायची की नाही ते ठरतं. टॉवर पडल्यावरही चालावं म्हणून तो लोरा रेडिओ वापरणार आहे, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, त्याला परवाना लागत नाही, बॅटरी सौर. "अजून केलेलं नाही, काका. जूनच्या आत करणार." काका त्याच्या पाठीवर हात ठेवतात आणि गावात पाण्याच्या टाकीवर जागा देऊ म्हणतात. आपलं यंत्र कुठं कमी पडतं हे ज्याला नेमकं सांगता येतं, त्याच्यावर लोक विश्वास टाकतात, हे मी याच टेबलाशी उभं राहून पुन्हा एकदा बघते.

दुपारी दीड

जेवण पाळीपाळीनं. टेबल रिकामं ठेवायचं नाही, गटातला एक जण कायम उभा. झुणका-भाकरी, ठेचा, ताक. आलेल्या लोकांना आणि मुलांना एकाच पंगतीत बसवतो.

दुपारी अडीच

परीक्षकांची फेरी. दोन प्राध्यापक, उद्यमनगरातले एक कारखानदार, एक अभियंता. गुणपत्रकात सादरीकरणाला कमी गुण आहेत. सगळ्यात जास्त गुण या दोन प्रश्नांना: काय चाललं नाही, आणि ते कशामुळे हे तुम्ही कसं शोधलंत?

तयार प्रकल्प विकत घेऊन आणणारेही असतात. शहराशहरांत ते मिळतात, अहवालासकट. ओळखायची रीत सोपी. परीक्षक एक वायर काढतात आणि म्हणतात, आता पुन्हा जोडून दाखव. ज्यानं स्वतः केलंय तो बोलता बोलता जोडतो. यंदा एका टेबलावर दोघं वायर हातात धरून उभे राहिले. त्यांना सगळ्यांसमोर काही बोलायचं नाही, असं आमचं ठरलेलं आहे. संध्याकाळी बोलावून घेऊन विचारलं. एकाचे वडील आजारी होते, दुसऱ्यानं नुसता आळस केला होता. दोघांना दुरुस्तीच्या टेबलावर बसवलं आणि पुढच्या सत्रात तेच यंत्र सुट्या भागांपासून करून आणायला सांगितलं. विकतचा प्रकल्प हा विद्यार्थ्याच्या हातातून शिक्षण काढून घेणारा व्यवहार आहे आणि तो चालतो कारण आम्ही शिक्षक वायर काढून बघत नाही. हे कडक वाटलं तरी मला तसंच म्हणायचंय.

दुपारी चार

जिल्हा परिषदेच्या दोन शाळांची मुलं. पुढचा तास हॉलमध्ये कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. त्यांना सगळ्याला हात लावायचा असतो आणि आम्ही लावू देतो. म्हणूनच शेगडी आता बंद आहे आणि बारा व्होल्टच्या वर काहीही उघडं नाही.

बोलून मोटर चालू करायच्या यंत्रापाशी सगळ्यात जास्त गर्दी. शेतीला तीन फेजची वीज काही दिवस रात्रीच येते आणि अंधारात विहिरीवर जाणं जिवावरचं असतं, म्हणून दोन भावांनी हे केलं. "मोटर चालू करा" म्हटलं की चालू होते. सहावीतली एक मुलगी म्हणते, "मोटर लाव रं." काहीच होत नाही. ती पुन्हा म्हणते, मोठ्यानं. नाही. ज्या बोलण्यावर यंत्र शिकवलंय ते प्रमाण मराठीत, शांत खोलीत रेकॉर्ड केलेलं. आता भाऊ शाळेच्या मुलांनाच रांगेत उभं करून, गुरुजींची परवानगी घेऊन, त्यांच्या पद्धतीनं तेच वाक्य रेकॉर्ड करायला लागलेत. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या खुल्या आवाज-संग्रहात मराठी आहे. आपल्या बोलीतले आवाज त्यात घरबसल्या कुणालाही घालता येतात. गुरुजींनी ते वहीत लिहून घेतलंय.

संध्याकाळी साडेपाच

बक्षिसं. तीन क्रमांक, रोख रक्कम, पाच मिनिटं. पण प्रत्येक टेबलाला, बक्षीस मिळो वा न मिळो, एक वही परत दिली जाते. सकाळी ती कोरी ठेवली होती. दिवसभर आलेल्या लोकांनी त्यात प्रश्न लिहिलेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मुलांनी लिहून घेतलेत. टेबल सातच्या वहीत जॉबरमामांनी मागाचा अख्खा आराखडा काढून दिलाय, मापांसकट. पहिला क्रमांक वाळूच्या ओलाव्याच्या यंत्राला मिळाला. शिरोलीच्या मोल्डरनी मुठीत वाळू दाबून ओलावा सांगितला आणि यंत्रानं जवळजवळ तोच आकडा दाखवला, तेव्हाच परीक्षकांचं ठरलं होतं.

संध्याकाळी सात

आवराआवर. मामा एकेक लाइन बंद करतात, बोर्ड मोजून घेतात. फुगलेल्या बॅटऱ्या आणि जळलेले सुटे भाग वेगळ्या खोक्यात, ते ई-कचऱ्यात जाणार. टेबलं पुसून रचायची. रात्री परत जाणाऱ्या मुलींना एसटी स्टँडपर्यंत सोडायला गाडी ठरवलेली असते, आणि त्या घरी पोचल्याचा निरोप आल्याशिवाय मी घरी जात नाही.

मग पुढच्या कामांची यादी. सोमवारी पेटंटचा कागद. बुधवारी दुपारच्या पाळीआधी इचलकरंजीची शेड. गुऱ्हाळाचा हंगाम संपायच्या आत आबांच्या काहिलीवर बटण. आंबेवाडीच्या ग्रामपंचायतीला टाकीच्या जागेसाठी पत्र. प्रात्यक्षिक एका दिवसाचं असतं, पण ही यादी पूर्ण करायला जून उजाडतो, आणि ती पूर्ण झाली नाही तर आजचा दिवस नुसता बघण्यापुरता राहील.

तुम्ही शेती करत असाल, माग चालवत असाल, वर्कशॉप, दवाखाना, बेकरी, रिक्षा, काहीही. येत्या २८ फेब्रुवारीला आपल्या जवळच्या विद्यापीठात किंवा महाविद्यालयात मुलांची यंत्रं बघायला जा. कमानीपाशी थांबू नका. आपल्या कामातली रोज अडणारी एक गोष्ट मनाशी ठरवून जा, आणि ती टेबलामागच्या मुलाला किंवा मुलीला सविस्तर सांगा.